उरलेली दाढी

नाही नाही, इथेच बसतो, दारापाशी. ती तुमची मऊ खुर्ची राहू द्या — तिच्यात माणूस एकदा रुतला की पटकन उठता येत नाही, ठाऊक आहे मला. माझ्या दुकानातही तसलीच आहे. मागे रेलवली की गिऱ्हाईकाची मान माझ्या हातात, मग उठ म्हणावं बघू! दाढी-कटिंगचं दुकान आहे माझं, ताई. — ताई म्हटलं तर चालेल ना? डॉक्टर म्हणू नका म्हणालात, मग माणसानं काहीतरी म्हणायला नको? आणि ते बाहेर दारापाशी काय घूं घूं करतंय? ... आतलं बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून? असं होय. म्हणजे लपवण्यासारखं बरंच बोलत असणार लोक इथे. मी नाही बोलणार, आधीच सांगून ठेवतो. माझं दुखणं एवढंच — हात थरथरतो. उजवा. आत्ता नाही थरथरत, हा बघा, बघितलात? मोठ्या डॉक्टरांनी सुया टोचून, तारा लावून बघितलं, म्हणाले, शिरा ठणठणीत आहेत, एकदा यांच्याकडे जाऊन बोलून या. बोलून! दुखणं हाताचं आणि इलाज तोंडाचा. तेव्हाच पाल चुकचुकली माझ्या मनात, की हे आमच्या घरातून लावून दिलेलं असणार. बायकोचा फोन आला होता ना तुम्हाला? ... नाही? आला असला तरी तुम्ही कशाला सांगाल म्हणा.

अहो, अशा तोंडात गुळणी धरल्यासारख्या बसू नका हो. ही युक्ती माझीच आहे. केस कापताना आपण गप्प राहायचं, कात्री तेवढी वाजवत ठेवायची, की माणूस आपणहून साहेबापासून सासूपर्यंत सगळं ओकून मोकळा होतो. पण माझ्याकडे आरसा असतो. गिऱ्हाईक आरशातल्या माझ्याशी बोलतं, मी आरशातल्या त्याच्याशी — थेट कुणी कुणाकडे बघत नाही, म्हणून तर जमतं. इथे आरसा नाही, घड्याळ माझ्या पाठीमागे, तुम्हाला दिसेल असं, आणि कागदी रुमालांचा डबा नेमका त्या मऊ खुर्चीच्या हाताशी! म्हणजे रडवायची तयारी आधीच करून ठेवलीय. मला नाही लागायचे ते. दादा गेला तेव्हाही मी रडलो नाही. — थोरला भाऊ माझा. दुकान दोघांचं होतं, शेजारी शेजारी दोन खुर्च्या. ते जाऊ द्या, त्याचा आणि हाताचा काय संबंध.

कधीपासून म्हणजे — मास्तरांपासून धरा. मास्तर म्हणजे आमचं जुनं गिऱ्हाईक, शाळेतून निवृत्त झालेले. फेस लावला, गाल झाले, वस्तरा गळ्यापाशी नेला, आणि हात असा नाचायला लागला की काही विचारू नका. कापलं. थोडंसंच, तुरटी फिरवली, रक्त थांबलं. मास्तर भला माणूस, म्हणाले, असू दे रे, होतं असं. पण पुढच्या खेपेला आले ते म्हणाले, आज नुसते केस काप, दाढी घरीच केली. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं हो! आता सगळ्यांचं तेच — नुसते केस काप. बोलत कुणीच नाही आणि माहीत सगळ्यांना आहे. कात्री चालते, मशीन चालतं, फक्त वस्तरा — तोही गळ्यापाशी गेला की. आज दाढीला घाबरतात, उद्या केसांनाही घाबरतील. दादाची खुर्ची रिकामीच आहे, माझीही रिकामी झाली तर मी करायचं काय? दुसरं काही येत नाही मला.

ही? ही वाढवली नाही, वाढलीय. हसा, हसा, दाढी करणाऱ्यालाच दाढी. — आधी कोण करायचं म्हणजे? दादा करायचा. सुट्टीच्या दिवशी शटर अर्धं ओढून तो माझी करायचा, मी त्याची. स्वतःची स्वतः दोघांनी कधी केलीच नाही. वस्तरा नीट धरतोस का बघायचंय मला, म्हणायचा — अहो, माझे केस पिकले तरी! पण तुम्ही हे विचारलंतच का? बरोबर तिथेच बोट ठेवलंत. सांगितलं ना, मी बोलणार नाही म्हणून.

आमच्यात एक आहे, ताई. अर्धी दाढी करून गिऱ्हाईक उठवायचं नाही. दिवे जावोत, घरून बोलावणं येवो — आधी उरलेली दाढी, मग बाकी सगळं. दादानंच शिकवलेलं. आणि दवाखान्यात त्याचीच... त्यानंच मागितली होती. नर्सबाईंसमोर असे खुंट घेऊन पडायची लाज वाटते रे, म्हणाला. थर्मासमधून गरम पाणी नेलं मी. एक गाल झाला आणि त्याला धाप लागली. मी फेस पुसला, म्हटलं, दमलास दादा, उरलेली सकाळी करू. तर म्हणतो कसा, मला असा बघितला तर तुझ्या दुकानात कुत्रं फिरकायचं नाही. हसलासुद्धा.

सकाळी केली. — हो, केली म्हणतोय ना! चादर ओढायला आले होते ते लोक, मी म्हटलं, थांबा, माझं गिऱ्हाईक अर्धं राहिलंय. तेव्हा नाही हो थरथरला हात, जरासुद्धा नाही. जिवंत माणूस वस्तरा आला की न सांगता गाल फुगवतो. मी आपलं सवयीनं म्हणालो, दादा, गाल फुगव. ... मग बोटांनीच ताणून धरला. गळ्यापर्यंत स्वच्छ केली. हे बायकोलाही ठाऊक नाही माझ्या. तुम्हाला कसं सांगितलं मी? त्या मऊ खुर्चीत तर बसलोही नाही. द्या — द्या तो डबा इकडे.

काय? वेळ झाली? आत्ता? अहो, असं मध्येच? तरी म्हटलं, घड्याळ माझ्या पाठीमागे का! बरं, बाहेर कुणीतरी थांबलं असेल, तुमचाही धंदा आहे. उठतो. ... नको, तसं म्हणू नका. उरलेलं पुढच्या मंगळवारी असं म्हणू नका, ताई, मीही तसंच म्हणालो होतो. नुसतं या म्हणा. मी येतो, मंगळवारी दुकान बंदच असतं. पण तुम्ही — तुम्ही असाल ना? तब्येत-बिब्येत बरी आहे ना तुमची?