पेमानं कापलेली वेणी

(वसमतजवळच्या तांड्यावर, अमरसिंगच्या घरात. रविवार, सकाळचे साडेआठ.)

पास्टर हरिचंद : आठला तुझ्या दिराचा फोन आला. दादा घरात न्हाई, दादाचे केस खाटेवर पडलेत, म्हणाला. तसाच गाडीला किक मारली. पेमा, ही...?

पेमा : त्यांचीच वेणी. दारू सोडताना नवस केला तवापासूनची, तीन वर्साची. उजाडायच्या आधी गेलेत हे. दिपक कालव्याकडं हुडकाया गेलाय.

पास्टर : देवा! तांड्यातल्यांनी धरून कापली का? प्रभूकडं आला म्हणून सलतच होता तो त्यांच्या डोळ्यांत.

पेमा : त्यांना धरायला चार गडी पुरतील व्हय? बाजारात हळदीचं पोतं एकटे पाठीवर घेतात. मी कापली.

पास्टर : तू?

पेमा : काल दिवस मावळताना आले. माझ्या मांडीवर डोकं ठेवलं अन् म्हणाले, मुळापासून काप.

पास्टर : मांडीवर! अगं, शमशोनाची गोष्ट किती रविवार सांगितली मी. त्याचं बळ केसांत होतं. बाईनं मांडीवर निजवलं, केस कापवले, अन् वैऱ्यांनी त्याचे डोळे काढले; शेवटी खांब पाडून तो त्यांच्यासंगं मेला. एवढं ऐकूनही हेच केलंस?

पेमा : तो निजला होता, पास्टर. हे जागे होते. रडून राहिले होते. अन् तोंडाला वास येत होता.

पास्टर : कशाचा?

पेमा : तुमाला ठाऊक न्हाई?

पास्टर : हळू बोल.

पेमा : पोळ्याला पिले, तवा कबूल कराया आधी तुमच्याकडंच आले होते. तुमी काय म्हणालात? कुणाला सांगू नको, लोक तुझी वेणी बघून दारू सोडून राहिलेत.

पास्टर : खोटं होतं का ते? अकरा घरांनी सोडली.

पेमा : सोडली की. बाया आजारी लेकरं आणून वेणीला लावायच्या. हे घरी येऊन भिंतीकडं तोंड करून निजायचे.

पास्टर : नऊला प्रार्थनेच्या मंडपात त्याची साक्ष आहे, प्रभूनं दारू कशी सोडवली ती. पुसेगावहून जीप भरून माणसं आलीत. ऐक माझं. ताप आलाय म्हणून सांगू. ती वेणी पेटीत टाक.

पेमा : न्हाई टाकत.

पास्टर : लोक तुलाच नावं ठेवतील.

पेमा : ठेवतील. कुणाला ठेवायची ते तुमीच शिकवलंय.

पास्टर : कोण आलं? दिपक?

दिपक : वहिनी, दादा घावला!

पेमा : पाण्यात तर न्हाई ना रे?

दिपक : न्हाई न्हाई. मंडपात हाय. तसाच, बोडक्या डोक्यानं. समदे खाली बसलेत, एक लेकरू रडंना.

पास्टर : काय बोलला?

दिपक : एका हातानं मधला खांब धरलाय, एका हातात माईक. माईक चालू हाय, पास्टर. त्याचा श्वास पार रस्त्यापर्यंत ऐकू येऊन राहिलाय. अजून बोलला न्हाई.