एक वीत अधिक, एक वीत उणी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, पूर नियंत्रण कार्यालयाचे मुख्य अभियंता साहेब. व्यासपीठावर बसलेल्या नगराध्यक्षा बाई आणि मुख्याध्यापक. आज निवृत्त होणारे आपले सत्कारमूर्ती, ज्यांना सगळं गाव पट्टीवाले काका म्हणतं ते. त्यांच्या शेजारी बसून मघापासून हाराची गळलेली फुलं गोळा करणाऱ्या काकू. केंद्रातले सहकारी, खालच्या गल्लीतून आवर्जून आलेली मंडळी, आणि जमलेल्या सर्व बंधुभगिनींनो,

सूत्रसंचालकांनी माझी ओळख 'शेजारच्या देशातून आलेल्या पाहुण्या' अशी करून दिली, तेव्हा तिसऱ्या रांगेतल्या दोघीजणी माना उंचावून बघायला लागल्या. बघा, संकोच करू नका. मीही काल आल्यापासून तुम्हाला तशीच न्याहाळते आहे.

मला पाच मिनिटं दिलेली आहेत. ती मी पाळणार नाही, हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे अध्यक्षांना घड्याळाकडे बघण्याचा त्रास नको.

माझं काम काकांच्याच कामाचा वरचा अर्धा भाग आहे. नदी आमच्याकडून तुमच्याकडे येते. आमच्या केंद्राजवळ पाण्यात एक पट्टी उभी आहे, तिच्यावर मीटर आणि सेंटिमीटर आखलेले. पावसाळ्यात दर तासाला मी ती वाचते आणि खाली फोन करून काकांना आकडा सांगते. आमच्या पट्टीपाशी असलेलं पाणी तुमच्या खालच्या गल्लीत पोचायला तीन तास लागतात. आमचा आकडा आठ मीटरच्या वर गेला, की काकांनी भोंगा वाजवायचा आणि गल्ली रिकामी करायची. एवढंच काम. पण या एवढ्याशा कामावर साठ घरं झोपतात आणि उठतात.

माझ्या आधी हे काम माझे वडील करायचे, एकोणीस वर्षं. ते पहिल्या रांगेत बसलेत, तपकिरी कोटातले. एकोणीस वर्षं काका आणि बाबा रोज एकमेकांशी बोलले, आणि एकमेकांचं तोंड पाहिलं ते काल संध्याकाळी. बाबांना ऐकू कमी येतं, त्यामुळे त्यांच्याबद्दल मी जरा मोकळेपणानं बोलणार आहे.

शेजाऱ्यांना एकमेकांचं काय ठाऊक असतं? मी लहानपणापासून ऐकत आले, की खालचे लोक आळशी. घरात पाणी शिरलं तरी आधी चहा संपवतील, मग उठतील. आणि तुम्ही काय ऐकत आलात? वरचे लोक राईचा पर्वत करणारे, आणि मनाला येईल तेव्हा धरणाचे दरवाजे उघडणारे. काल बसस्थानकावर एका गृहस्थांनी मला अगदी प्रेमानं विचारलं, "यंदा दरवाजे कधी उघडणार तुम्ही?" मी म्हटलं, "दादा, आमच्याकडे धरण नाही." त्यांचा विश्वास बसला नाही. मंडळी, आज जाहीरपणे सांगते, आमच्याकडे एक बंधारा आहे. गुडघाभर उंचीचा. त्यावर बायका धुणं धुतात.

हसलात, बरं वाटलं. कारण पुढचं सांगायला मला थोडा धीर हवा होता.

अकरा वर्षांपूर्वी खालच्या गल्लीत पाणी शिरलं, ते इथल्या कुणीच विसरलेलं नाही. माणसं सगळी बाहेर निघाली, एवढी देवाची कृपा. पण शिंपीदादांची चारही मशीनं गेली, शाळेचे बाक वाहून गेले, दवाखान्याची औषधं गेली. भोंगा एक तास उशिरा वाजला होता. त्या तासात ती मशीनं माळ्यावर चढवता आली असती.

मी तेव्हा नोकरीत नवी होते. बाबा निवृत्त होऊन सहा आठवडे झाले होते. परीक्षा देऊन मी त्याच केंद्रावर लागले होते, आणि वडिलांच्या खुर्चीत मुलगी बसली म्हणून कुजबुज चालू होतीच. सकाळी अकराला मी पट्टी वाचली, आठ मीटर पाच सेंटिमीटर. तोच आकडा काकांना सांगितला. काकांनी भोंगा वाजवला नाही. बाराला मी आठ मीटर चाळीस सांगितले, तेव्हा वाजवला.

इकडे ओरड झाली, की वरच्यांनी मुद्दाम कमी आकडा सांगितला. तुमच्या कार्यालयाचं कडक पत्र आमच्या कार्यालयात आलं. आमच्या साहेबांनी मला बोलावलं. मी वही दाखवली, पण फोनवर काय बोलले त्याला साक्षीदार कोण? मला घरी बसवण्याचा कागद तयार झाला होता, फक्त सही राहिली होती.

आणि मग इथल्या चौकशीत काका उभे राहिले. म्हणाले, "बाईंनी आकडा बरोबर सांगितला होता. त्यातून वीतभर मी वजा केली. गेली कित्येक वर्षं करतोय."

का वजा करायचे? नोकरीच्या पहिल्याच वर्षी वरून आलेल्या आकड्यावर त्यांनी तीनदा भोंगा वाजवला, आणि तिन्ही वेळा पाणी गल्लीच्या पायरीपाशी येऊन परत फिरलं. लोकांनी त्यांना दारात उभं करून ऐकवलं. काका पडले हिशोबी. त्यांनी ताडून बघितलं, की बोललेल्या पाण्यापेक्षा आलेलं पाणी दर वेळी वीतभर कमी भरतंय. वरिष्ठ म्हणाले, "ती माणसं वाढवूनच सांगणार, जात्याच तशी." तेव्हापासून काका आकडा ऐकायचे आणि त्याच्या शेजारी पेन्सिलीनं वीस सेंटिमीटर कमी करून लिहायचे.

काकांच्या कबुलीनं माझी नोकरी वाचली. काकांच्या सेवापुस्तकात मात्र शेरा आला, 'हलगर्जीपणा'. बढती थांबली. खालच्या गल्लीतल्या काही घरांनी, शिंपीदादांच्याही, त्यांच्याशी बोलणं सोडलं. ते सगळं त्यांनी मुकाट सोसलं, आणि दुसऱ्या दिवशी मला फोनवर फक्त एवढं म्हणाले, "ताई, आजपासून पट्टीवरचं सांगा. मीही पट्टीवरचंच लिहीन. मनातलं आपण नंतर बोलू." ती आमची पद्धतच पडली. आधी पट्टीवरचं, मग मनातलं. माझ्या मुलाचे मार्क, काकूंचे गुडघे, दोन्हीकडच्या साहेबांचे स्वभाव, सगळं त्या फोनवर झालं. अध्यक्ष महाराज, तुमच्याबद्दल चांगलंच बोलायचे हो.

तिकडे आमच्या साहेबांनी त्या कबुलीची प्रत फलकावर लावली. बघा, चूक त्यांचीच होती, त्यांनीच कबूल केली. मीही खूश होते, खोटं कशाला बोलू? एक प्रत घरी नेली आणि बाबांना वाचून दाखवली. बाबा जेवत होते. म्हणाले, "परत वाच." मी परत वाचली. त्यांनी ताट बाजूला सारलं आणि म्हणाले, "वीत मी वाढवत होतो."

काय म्हणता? मीही असंच विचारलं होतं. तर ऐका. बाबांना त्यांच्या वरिष्ठांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, खालची माणसं सुस्त आहेत, हलायला वेळ लावतात. बाबांचा जीव खालच्या गल्लीत अडकलेला. न पाहिलेल्या गल्लीत, बरं का. म्हणून ते आपल्या वहीत खरा आकडा लिहायचे, आणि फोनवर सांगताना वीतभर वाढवायचे. तेवढीच माणसं लवकर उठतील.

म्हणजे बघा, तुम्ही आळशी म्हणून आम्ही वाढवत होतो, आणि आम्ही वाढवतो म्हणून तुम्ही कमी करत होता. दोघंही चुकत होते, आणि पहिलं वर्ष सोडलं तर अठरा वर्षं भोंगा अगदी वेळेवर वाजत होता. घोळ झाला तो मी खरं बोलायला लागले तेव्हा.

मी बाबांवर खूप चिडले. म्हटलं, "मला का नाही सांगितलंत?" ते म्हणाले, "सांगितलं असतं, तर मापात पाप म्हणून तू मलाच साहेबांपुढे उभं केलं असतंस." हे मात्र खरं आहे. मी म्हटलं, "मग आता तरी सांगू या." ते म्हणाले, "तुझी नोकरी अजून पक्की नाही. आता बोललो तर तुझ्यावर येईल." आणि मी गप्प बसले. नोकरी पक्की झाली, तरी गप्पच बसले. बाबांचं वय पुढे करत राहिले, पण खरं कारण हे, की गप्प बसणं माझ्या सोयीचं होतं. एका माणसाच्या माथ्यावर दोघांचा दोष अकरा वर्षं राहिला, आणि मी त्याच माणसाशी रोज फोनवर हसून बोलत होते. याची मला लाज वाटते.

काल काकांच्या घरी पोचल्या पोचल्या बाबांनी चप्पलसुद्धा न काढता हे सगळं सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "बसा तरी. मला ठाऊक आहे."

त्यांना ठाऊक होतं. पुराच्या आठवड्यातच त्यांनी जुनी वही काढून आलेल्या पाण्याशी ताडून बघितली होती, आणि वाढीव वीत नेमकी बाबांच्या निवृत्तीच्या तारखेला संपते, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. मी विचारलं, "मग चौकशीत का नाही बोललात?" काका म्हणाले, "अहो, ते आमच्या माणसांच्या काळजीनं वाढवत होते. त्याची तक्रार कशी करायची? आणि वजा तर मीच केलं होतं ना?" काकू आतून म्हणाल्या, "मला मात्र कुणी काही सांगत नाही." काकू, तुमचं बरोबर आहे.

काकांनी मला बजावलं होतं, की यातलं अवाक्षर सभेत काढायचं नाही. काका, गेली अकरा वर्षं मी तुमचं सगळं ऐकलं, आज एवढं ऐकणार नाही.

अध्यक्ष महाराज, हे बाबांचं पत्र. दोन पानी आहे, त्यांच्याच अक्षरातलं, खाली सही. माझी विनंती आहे, की काकांच्या सेवापुस्तकातल्या त्या शेऱ्याखाली हे जोडावं, आणि ते पुस्तक बंद होण्याआधी जोडावं, म्हणजे आज. शेरा पुसा असं काका म्हणणार नाहीत, आणि मीही म्हणत नाही. पण निम्मा तरी आमच्याकडे येऊ द्या. आपण मान हलवलीत. आमच्याकडे अशी मान हलवली, की होकार धरतात. तुमच्याकडेही तसंच असावं.

शिंपीदादा, तुम्ही शेवटच्या रांगेतून उठून पुढे येताय, ते मला इथून दिसतंय. या. काकांच्या दुसऱ्या बाजूची खुर्ची रिकामी आहे.

थोडंच राहिलंय. आज सकाळी काकांनी शेवटचं माप घेतलं, तेव्हा आम्ही तिघं इथल्या केंद्रात होतो. वरून माझ्या सहकारी बाईंचा फोन आला, चार मीटर बारा. काकांनी वही बाबांपुढे सरकवली आणि पेन हातात दिलं. म्हणाले, "आज तुम्ही लिहा." बाबांनी चष्मा पुसला आणि सावकाश लिहिलं. मी खांद्यावरून वाकून बघितलं. चार मीटर बारा. एक सेंटिमीटरसुद्धा जास्त नव्हता. काकांनीही पेन्सिल उचलली नाही.

मला इथं बोलावलंत, माझ्या म्हाताऱ्या वडिलांना हाताला धरून जिना चढवलात, त्याबद्दल सगळ्यांचे मनापासून आभार. काका, उद्यापासून फोनवर दुसरा आवाज असेल. त्यालाही मी पट्टीवरचंच सांगेन, पण मनातलं सांगायला तुमच्या घरी फोन करीन. मी पाहुणी आहे, तुमच्या रीती मला पुरत्या ठाऊक नाहीत. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल, तर पोटात घाला. आकड्यात ते यापुढे होणार नाही, हा आमच्याकडचा शब्द.