भूकंपाचं सोडून काहीही विचारा

…न्हाई न्हाई, भूकंपाचं सोडून काहीही विचारा, मिहिरभाऊ. शिवू काय खाती, कवा उठती, कुणाशी भांडती — सगळं सांगते. मुंबईहून इतक्या लांब आलाव तुम्ही टीव्हीवाले, रिकामं कशाला पाठवू? पण ते न्हाई. पोरीनं फोनवर शपथ घातलीय मला — मावशी, ते लोक लातूरला येतील, मेस दाखव, काकाला दाखव, माझी खाट दाखव, पण भूकंप तोंडातून काढू नको, मला गाण्यावर निवडून येऊ दे. आता तुम्ही म्हणणार, तुमच्या टीव्हीवरच्या स्पर्धेत सहा पोरी राहिल्यात, त्यातल्या पाचजणींचा गाण्याचा ग्रुप होणार, आन् मतांमधी आमचीच सगळ्यात खाली. ठाऊक हाय की. आमच्या मेसच्या पोरी बायोलॉजी सोडून हेच घोकायलेत सकाळ-संध्याकाळ.

तिथं कशी गेली म्हणता? चोरून गेली. म्हणजे आमच्यापासून न्हाई ओ, क्लासपासून चोरून. लातुरात बारावीची पोर क्लास बुडवायली म्हणलं की लोक सांत्वनाला येतेत घरी. मग आमच्या मालकांनी ठोकून दिलं — कावीळ झालीय, गावी पाठवलीय. क्लासचे व्यंकटराव सर भला माणूस, नोट्स पाठवल्या, तेलकट देऊ नका म्हणले, उसाचा रस पाजा म्हणले. आन् एक दिवस सरांच्या बायकोनं टीव्ही लावला, तर कावीळवाली पोरगी चमकीचा झगा घालून नाचायली. सर दुसऱ्या दिवशी इथं दारात उभे. मी म्हणलं, मेले आता. तर सर हळूच म्हणतेत — काकू, कावीळ उतरलेली दिसती. हसावं का पाया पडावं कळंना मला. आता सरच फळ्यावर नंबर लिहितेत, मेसेज कुठं करायचा त्याचा, आन् टेस्ट संपली की पोरी पहिलं मत टाकतेत मग पेपर जमा करतेत.

घ्या की, धपाटं घ्या. दही वाढू का? तुमच्या कॅमेरावाल्या भाऊला बी द्या, कवाचा उभा हाय तो.

हां — रडत न्हाई, तेच ना तुमचं गाऱ्हाणं? त्या दिवशी परीक्षक बाईनं सगळ्यांना झाडलं, पाचीजणी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, आन् आमची मधी उभी, कोरडी ठणठणीत. लोकांना वाटलं लई माज हाय हिला. मतं तिथंच गळाली, तुम्हीच सांगितलं मला. पण माज न्हाई ओ तो. मी सांगते ना, कॅमेऱ्यापुढचं सगळं रडणं तिनं लहानपणीच उरकून टाकलंय — आम्ही पत्र्याच्या शेडात राहत होतो तवा. जीपा यायच्या नुसत्या. कुणी ब्लँकेटं वाटायचं, कुणी पातेली, कुणी उगंच बघायला यायचं. आन् ही दीड वर्षाची, माझ्या काखेत. आई गेलेलं लेकरू म्हणलं की सगळे फोटोवाले हिच्याकडंच. रडली की फोटो, फोटो झाला की बिस्किटाचा पुडा. लेकराला काय कळतंय, तिला वाटलं हे कामच हाय आपलं. चांगली धावायला लागली तरी गळ्यात कॅमेरा अडकवलेला माणूस दिसला की पळत जाऊन पुढं उभी राहायची आन् भोकाड पसरायची. एकदा पावण्यांच्या लग्नात फोटोवाला आला, तर नवरा-नवरी राहिले बाजूला, ही मधी जाऊन रडायली. पोट धरून हसलो आम्ही. वर त्याला पुडा मागती. त्या बिचाऱ्याकडं कुठला पुडा, त्यानं रिळाची रिकामी डबी दिली तिला, तीच घेऊन खूश.

मग कळायला लागलं तिला. पाचवीत असंल, शाळेत कुणी मोठे पावणे आले, गुरुजींनी हिलाच पुढं केलं — ही बघा, साहेब, भूकंपातली पोर. सगळे थांबलेत, फोटोवाला थांबलाय, आन् ही रडंना. घरी आली आन् मला म्हणती, मावशी, मी काय रडण्यासाठीच वाचले का? मी भाकरी थापत होते, थापतच राहिले. अक्का असती तर तिनं काहीतरी सांगितलं असतं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, हिची आई. लई मोकळ्या गळ्याची. भांडी घासताना गायची, तर सासरा ओसरीवरून ओरडायचा, आन् अक्का अजून वरचा सूर लावायची. शिवू गायला लागली ना, मिहिरभाऊ, की मला आतल्या खोलीत अक्का आल्यासारखी वाटती. वाटतं, आता बाहेर येऊन म्हणंल, महानंदा, मीठ जास्त झालंय. हे मी शिवूला बी कवा सांगितलं न्हाई. तिला आईचं तोंड आठवत न्हाई. तिनं कशाला स्वतःच्या गळ्यात आई हुडकत बसावं, पोरीनं निवांत गावं…

काय झालं? खाणं का थांबवलं तुम्ही? — डोळे का पुसायलाव?

आन् कॅमेरावाले भाऊ, ते तुमचं चालूच हाय का? सगळं आलं त्याच्यात? लग्नाचं बी? अक्काचं बी?

अगं बाई.

हां, कळतंय, सांगू नका. एवढं दाखवलं की मतांचा पाऊस पडंल, पोरगी पाचात येईल. मला काय समजत न्हाई का? खोटं कशाला बोलू, मला बी मोह व्हायलाय. लई मोह व्हायलाय. किती दिवस झाले, देवापुढं दुसरं काही मागितलं न्हाई मी. पण ती त्या पाचजणींत उभी राहील आन् जन्मभर तिला वाटत राहील, मी गाण्यानं आले न्हाई. न्हाई. काढा ती कॅसेट. इथं द्या माझ्या हातात. नोकरी हाय तुमची, मान्य हाय, म्हणून तर सांगते, दुसरी घाला. मी पदर नीट करते. बसू का उभी राहू? बरं, बसते.

झालं सुरू?

मी महानंदा, शिवलीलाची मावशी. लातूरला मेस चालवते. आमची शिवू चांगली गाती. गाणं आवडलं तर मत द्या, न्हाई आवडलं तर देऊ नका.

— न्हाई, पुढं काही न्हाई. बंद करा.