तेलावरची पोळी

पुरणपोळीवरून भांडताय म्हणून सांगते. माझं माहेर हुबळी. तिकडं पोळी तेलाच्या हातानं केळीच्या पानावर थापतात. शहापूरला सासरी मात्र पिठावर लाटतात. लग्नानंतरच्या पहिल्या होळीला मी लाटायला बसले आणि पहिल्या तिन्ही पोळ्या फाटल्या. पुरण पोळपाटाला, पीठ माझ्या नाकाला. रडूच आलं मला.

सासूबाईंनी लाटणं काढून घेतलं आणि पुढ्यात केळीचं पान ठेवलं. म्हणाल्या, "थाप तुझ्या आईगत. कुणी इचारलं तर मी हाय."

मामंजी साड्या विणायचा माग बंद करून जेवायला आले. पहिला घास घेतला आणि थांबले. "ही कुणी केली?"

"मी," सासूबाई म्हणाल्या.

मामंजींनी मान हलवली. "व्हय. नवी आलतीस तवा पहिल्या होळीला अशीच केलतीस. लई मऊ झालती."

सासूबाईंचं माहेर गदगकडचं, आमच्या हुबळीच्याच बाजूचं, हे मला ठाऊक होतं. पण त्याही कधीकाळी पोळी थापत असतील, हे डोक्यातच आलं नव्हतं.

तुपाची वाटी तशीच हातात धरून त्या म्हणाल्या, "ती पोळी तुमच्या आईनं गाईला घातली. तवा का न्हाय बोललासा?"

मामंजींनी ताट सरकवून शेजारी जागा केली. मग हळूच म्हणाले, "अजून एक वाढ. आणि आज तू बी बस माझ्यासंगं जेवायला."