चकचकीत इंजिनाची गाडी

— हो, हो, सावकाश बघा, फक्त हॉर्न तेवढा वाजवू नका. हे आंघोळीला गेलेत. म्हणून तर तुम्हाला याच वेळेला बोलावलं — यांना आंघोळीला वेळ लागतो, साबण चाचपडत बसतात, पण मी मदतीला जाईन म्हटलं तर आतून कडी. ते जाऊ द्या. बॉनेट मीच उघडून ठेवलंय, बघा की! काय, पटलं ना? परवा एक जण येऊन गेले, मला म्हणाले, बाई, ही गाडी रस्त्यावर चालवता की कपाटात ठेवता?

हे सगळं यांचं काम. घरीच, इथे, या फरशीवर. गॅरेजवाल्याला हात लावू देत नाहीत. आधी इंजिन पुरतं गार होऊ द्यायचं, मग बॅटरीची तार सोडायची, मग फ्यूजच्या डब्याला पिशव्या बांधायच्या — माझ्या स्वयंपाकघरातल्या, एक उरू देत नाहीत — मग साबणाचं पाणी आणि जुना दात घासायचा ब्रश. पाइप कधी नाही हं! नुसता फवारा, झाडांवर मारतात तसा. आणि शेवटी माझा ड्रायर. मी ओले केस घेऊन घरभर फिरतेय आणि ड्रायर बॉनेटखाली! हसा, हसा. मीही हसायचे.

तो डावीकडचा पोचा ना? सांगते, लपवण्यासारखं काय आहे त्यात. फाटकाचा खांब. हे म्हणतात, खांबच मध्ये आला. आणि त्याच्या आधी — पेपरवाल्याची सायकल. तो बाजूला उडाला म्हणून वाचला. यांना दिसलाच नाही हो तो. दिसत नाही यांना. म्हणजे अगदीच नाही असं नाही, कडेकडेचं दिसतं, मधलं सगळं धुरकट. माझ्याकडे बघायचं तर माझ्या कानाकडे बघतात. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं सांभाळा. सांभाळा म्हणजे काय करा, ते नाही सांगितलं.

मग मुलाचा फोन आला — आई, गाडी विकायची, जाहिरात मी टाकतो, तू फक्त बाबांना सांग. तू फक्त! मी सांगणार होते. चहा देताना सांगणार होते, डोळ्यांत थेंब घालताना सांगणार होते — पण वर मान करून, डोळे सताड उघडे ठेवून बसलेल्या माणसाला हे कसं सांगायचं, तुम्हीच सांगा? जीभच रेटत नाही. किल्ली लपवली तेवढी, पिठाच्या डब्यात. आणि यांनी किल्ली मागितलीच नाही. नुसतं बॉनेट उघडतात आणि बोटांनी चाचपून घासत बसतात. मला स्टुलावर बसवतात — "इथे डाग आहे का गं?" आणि मी — आता तुम्हाला म्हणून सांगते — मी म्हणते, आहे. नसतो हो डाग. तुम्हीच बघताय, कुठे आहे? पण नाही म्हटलं तर काम संपलं. काम संपलं की हे त्या खुर्चीवर बसणार, भिंतीकडे तोंड करून. ते नाही बघवत मला. म्हणून मी आपली — आहे, अजून आहे, जरा डावीकडे —

थांबा. पाणी थांबलं आतलं. तुम्ही बॉनेट — नको, राहू दे, आवाज होईल. विचारलं तर तुम्ही नळ दुरुस्त करायला आलात. आलेच.

अहो, हे — हे नळवाले आहेत, मागचा नळ — काय? गाडी विकतोय हे कुणी सांगितलं तुम्हाला? कुणी म्हणजे, मुलाने? मला ‘तू सांग’ म्हणून स्वतःच — कधी? जाहिरात टाकायच्या आधीच? मग इतके दिवस तुम्ही बोलला का नाहीत? मला वाईट वाटेल म्हणून? मला? आणि मग हे रोजचं घासणं — घेणाऱ्यासाठी? त्याला गाडी चांगली मिळावी म्हणून?

अहो, हळू, पायरी आहे. सांगा ना त्यांना, बॅटरीचं वगैरे सगळं तुम्हीच सांगा — अहो, त्या बाजूने नाही, ती चालवणाऱ्याची — बसले.

दार लावून घेतलं.

नाही, किल्ली नाहीये यांच्याकडे, घाबरू नका. नुसते बसलेत. स्टिअरिंगवर हात ठेवून... मला नाही उठवता येणार यांना. आणि तुम्हीही उठवू नका. गाडी न्या हो तुम्ही, नाही कोण म्हणतंय, पण आज नको. मुलाला फोन करा, माझ्याशी नका बोलू. मला काही विचारू नका आता. निघा. फाटक तेवढं ओढून घ्या.