दुफी आंटींच्या व्हरांड्यातला माणूस

...अहो, तो माणूस खरा नाही, हे मी किती जणांना सांगू? घसा बसला माझा! आर्किटेक्टच्या ऑफिसात नोकरी करतो म्हणजे घरंच काढतो ना मी? त्यात आमच्या ओडुरो साहेबांनी तो चष्मा आणला, डोळ्यांवर चढवला की न बांधलेल्या घरात फिरून यायचं, आणि मला म्हणाले, यॉ बेटा, कागद विसर, गिऱ्हाइकाला थेट घरात ने. नेलं! दुफी आंटींना नेलं. आमच्या कुमासी शहराच्या बाजारात त्यांचा कापडाचा मोठा धंदा, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, जन्मभर भाड्यानं राहून आता कुठे स्वतःचं घर. आणि रिकामं घर भकास दिसतं, म्हणून कॉम्प्युटरमध्ये तयार झाडं मिळतात, कुत्री मिळतात, माणसंही मिळतात. व्हरांड्यात बसवला मी एक. निळा शर्ट, हातात कॉफीचा कप. झालं! आंटी चष्मा लावून फिरल्या, व्हरांड्यात बराच वेळ रेंगाळल्या, हसत बाहेर आल्या. मग त्यांच्या बहिणीनं चष्मा लावला. ती काही हसली नाही. रविवारी चर्चभर बोभाटा, दुफीनं घरात कुणीतरी ठेवलाय म्हणे.

तो माणूस खरा नाही हो! पण सोमवारी आंटींचे मामा ऑफिसात हजर, सोबत दोन म्हातारे. जमीन कुळाची, आमच्यात कूळ आईकडून चालतं, म्हणून कर्ते मामा, ते नाही म्हणाले की पाया तिथेच थांबला. मला विचारतात, "कुठल्या कुळातला हा? मागणी घालायला रिवाजाप्रमाणे दारूची बाटली घेऊन आमच्या दारी का आला नाही?" मी म्हटलं, मामा, तुम्हीच बघा, आणि चढवला त्यांना चष्मा. तिथेच चुकलं. मामांनी त्याला रीतसर नमस्कार केला. तो कसला बोलतोय! मामा खाकरले, पुन्हा केला. मग चष्मा काढून थंडपणे म्हणाले, "वडीलधारं माणूस समोर उभं आहे आणि हा बसून पितोय. तेही डाव्या हातानं."

साहेब माझ्याकडे बघताहेत, मी साहेबांकडे... दाबलं बटण, टाकला पुसून. मामा निवळले, कामाला होकार देऊन गेले.

दुसऱ्या दिवशी आंटी आल्या. चष्मा लावला, व्हरांड्यात गेल्या. मग हळूच, "ते कुठे गेले?"

आंटी, तो माणूस खरा नाही, म्हटलं.

"ठाऊक आहे मला. मी काय वेडी आहे? पण दुकान बंद करून घरी यावं आणि कुणीतरी बसलेलं असावं... घर घरासारखं वाटलं रे. बसव परत. मामांचं मी बघते."

काय करणार? बसवला! आणि बाजारात गोष्ट राहते होय? आता कापडवाल्या, टोमॅटोवाल्या, सगळ्या येतात, नकाशाकडे ढुंकून बघत नाहीत, खिडकी कुठे, जिना कुठे, काही नाही. म्हणतात, आमच्या व्हरांड्यात कोण बसवतोस? जरा उंच दाखव, दारुडा दिसतोय हा, दुसरा काढ! कॉलेजात सर कानीकपाळी ओरडायचे, आर्किटेक्टनं आधी स्थळ बघावं. बघतोय ना, सर... सकाळपासून दुसरं करतोय काय, स्थळंच बघतोय.