कौशल्याबाईचा बाप वहीत नाई

आता तुमीच सांगा, यात माही काय चूक? मी भाट. बापाच्या मांगं बाप, त्याच्या मांगं त्याचा बाप, असे अठरा पिढ्याचे बाप लिवून ठेवनं आमचं काम, अन् पोरीबाळीचं नाव लिवाची रीतच नाई, ते काय म्या लावली? पन भातकुलीच्या खुशालरावाच्या वसरीत माह्या वहीची काय गत झाली... तुमाले सांगतो!

यंदा कापसाले सोन्याचा भाव. समुद्रापल्याड कोन्तीशी लढाई लागली म्हनते, अन् इकडं खुशालरावाच्या बैलाच्या शिंगाले चांदीच्या शेंब्या लागल्या. मंग पोराच्या लग्नाची घाई. पोरगा शालिकराम उंचापुरा, कामाचा. पन त्याले लाल अन् हिरवं सारखंच दिसे. अकोल्याचे पाहुने आले, म्हने जरा पिकली मिरची आन, अन् यानं टोपलंभर हिरवी आनली... पाहुने उठून गेले.

खुशालरावाची माय म्हने, सुनेनं पोटुशी असताना गिऱ्हानात भाजी चिरली, त्याचं हे फळ. सोळा वर्सं हेच! आता तं लेकाले दुसरी बायको कराले निघाली होती. खुशालरावाले पटे ना. एखाद्या पूर्वजाचं असंल म्हून त्यानं मले बलावलं.

म्या वही वाचली. एकूनएक बाप. कोनाचंच डोयाचं काई नाई. खुशालराव म्हने, पुन्हा पाहा. पुन्हा पायलं... वहीत नाई. घसा बसला माहा.

तवा दाराआडून त्याची बायको, कौशल्याबाई, बोलली. "भाटबुवा, माहा बाप हाय का तुमच्या वहीत?"

म्हटलं, बाई, तो दुसऱ्या कुळाचा, तो कसा असंल?

"त्याले बी लाल-हिरवं कळे ना. माह्या भावाईले कळते, त्याईच्या पोराईले कळते. पन वरुडले माही बहीन हाय, तिच्या दोनी पोराईले नाई कळत. तिनं कोन्त्या गिऱ्हानात भाजी चिरली?"

म्हंजे बापापासून पोरीत, पोरीपासून नातवात, अन् मंधात त्या पोरीले सोताले काईच नाई! हे माह्या वहीत कुठून दिसंल? इतके दिस काहून नाई सांगतलं, असं खुशालरावानं इचारलं, तं म्हने, मेल्या बापाले नावं ठेवतीन म्हून. मी आपला वहीत डोकं घालून बसलो... काय करता?

मंग खुशालराव हळूच म्हने, सासरे मिरची बोटानं चेपून पाहेत, तरी बजारात त्याईचाच माल आंधी उठे. अन् मायकडं वळला. "दुसरी बायको नाई करायची. पोराले चेपून पाहाले शिकवू, अन् अकोल्याले खरं ते कळवू." म्हातारी तोंड फिरवून बसली.

मंग मले म्हने, बायकोचं माहेर लिवा. जागा कुठं हाय? समासात आडवं लिवलं, बारीक अक्षरात. थांबलं असतं तं ठीक होतं. पन दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बाया हजर! कोनाच्या आज्याले सहा बोटं, कोनाच्या मामाले ऐकू येत नाई... पयले दोन दिसांत आख्खं गाव उरकत होतो. आता महिना झाला, तुमाले सांगतो, अन् मी अजून खुशालरावाच्या शेजारच्याच घरी हावो.